विज्ञानात सिद्धांत नेमकं काय काम करतो? मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या शाळांत, वाचनालयांत, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांना विज्ञानावर बोलायला गेलं की काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं शक्यतो मुंबईतलीच घेतली आहेत. या शहरानं चुकीच्या सिद्धांताची किंमत माणसांच्या जिवानं मोजली आहे, त्यामुळे हा विषय इथे नुसता पुस्तकी राहत नाही.

सिद्धांत म्हणजे शेवटी अंदाजच ना?

नाही. अंदाज एखाद्या घटनेपुरता असतो. सिद्धांत एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या कितीतरी घटनांमागचं एकच कारण सांगतो, ते कारण कसं काम करतं हे सांगतो आणि त्यावरून कोणीही अजून न पाहिलेली गोष्ट कशी असेल तेही सांगतो. माझ्या मते हे तिसरं काम सर्वांत मोलाचं आहे.

मेंडेलीव्हनं १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली तेव्हा त्यात काही जागा मोकळ्या ठेवल्या आणि तिथे बसणारी मूलद्रव्यं कशी असतील तेही लिहून ठेवलं. १८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं. शोधणाऱ्यानं त्याची घनता ४.७ मोजली होती. मेंडेलीव्हनं तो धातू डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, तरी त्यानं कळवलं की घनता ५.९ च्या आसपास यायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून बघा. पुन्हा मोजल्यावर ती ५.९ भरली. हातात धातू असलेल्या माणसाची चूक हाती फक्त सारणी असलेल्या माणसानं दाखवून दिली.

सिद्धांत पूर्ण सिद्ध झाला की त्याचा नियम होतो का?

होत नाही. नियम ‘काय घडतं’ ते सांगतो, सिद्धांत ‘का घडतं’ ते. बंद भांड्यातल्या हवेचा दाब वाढला की आकारमान घटतं, हा बॉईलचा नियम १६६२ सालचा. तसं का होतं याचं उत्तर वायूच्या रेणूंच्या हालचालींच्या सिद्धांतानं पुढे दोनेक शतकांनी दिलं. दोघंही आपापल्या जागी राहतात, एकाला बढती मिळून दुसरा बनत नाही.

आधी निरीक्षण की आधी सिद्धांत? नीट डोळे उघडे ठेवून पाहिलं तर सिद्धांताची गरजच काय?

याचं उत्तर मुंबईच्या प्लेगमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ही साथ प्लेगची आहे असं ओळखलं. प्लेगचा जंतू त्याच्या दोन वर्षं आधीच, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसँनं शोधला होता. म्हणजे रोगाचं कारण माहीत होतं. माहीत नव्हता तो एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा रस्ता. रोग घाणीतून, ओलसर जमिनीतून, कोंदट हवेतून पसरतो, ही जुनी समजूत अधिकाऱ्यांच्या मनात पक्की होती. त्यांनी जे केलं ते त्या समजुतीला धरूनच केलं. गटारं धुतली, घरांत कार्बोलिक ॲसिड फवारलं, भिंतींना चुना मारला, कौलं काढून खोल्यांत ऊन आणलं, लोकांचं सामान जाळलं, माणसांना घरातून उचलून छावण्यांत नेलं. १८९७ चा साथरोग कायदा याच काळातला. कष्टात कसर नव्हती, पैशातही नव्हती. साथ मात्र हटली नाही आणि वर्षानुवर्षं परत येत राहिली.

या सगळ्या काळात घराघरांत उंदीर मरून पडत होते. लोकांनी ते पाहिले होते, डॉक्टरांनीही पाहिले होते. निरीक्षण सर्वांपाशी होतं, पण ते कुठे बसवायचं हे सांगणारा सिद्धांत नव्हता. त्यामुळे उंदीरही माणसांसारखेच रोगाचे बळी आहेत, एवढाच अर्थ बहुतेकांनी लावला. उंदरांनी जागा बदलली तर रोगही जागा बदलेल, ही शक्यता धुलाईच्या मोहिमेच्या हिशेबात कुठेच नव्हती.

पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर मुंबईत आणि नंतर कराचीत प्लेगवर काम करत होता. काही रुग्णांच्या अंगावर बारीक फोड त्याला दिसले आणि ते पिसूच्या चाव्याचे असावेत असं त्याला वाटलं. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि जंतू आत सोडते, असा सिद्धांत त्यानं मांडला आणि जून १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पाहिला. आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांच्यामध्ये जाळी होती. दोघं एकमेकांना शिवू शकत नव्हते, पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. निरोगी उंदीर प्लेगनं मेला. एवढं होऊनही अनेक वर्षं त्याचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही.

मग १९०५ पासून प्लेग आयोगानं परळच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट कसून तपासली. गिनिपिगांचे पिंजरे काही जमिनीलगत ठेवले, काही दोन फूट उंच टांगले. हवा सगळ्यांना तीच होती. पिसूची उडी जिथवर पोचते तिथल्या प्राण्यांना प्लेग झाला, वरचे वाचले. हवेतून रोग येतो हे म्हणणं तिथेच निकालात निघालं. मुंबई महापालिकेचं कीटकनाशक खातं आजही रात्री उंदीर मारायला माणसं पाठवतं, त्या कामामागचा विचार या पिंजऱ्यांपर्यंत जातो.

मेलेला उंदीर १८९६ सालीही तोच होता आणि १९०६ सालीही तोच होता. दहा वर्षांत बदलला तो त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या डोक्यातला सिद्धांत.

मग हाफकिननं प्लेगची लस कशी बनवली? तेव्हा तर पिसूचं काही माहीत नव्हतं.

बरोबर आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. रोग विशिष्ट जंतूमुळे होतो आणि मारलेले जंतू टोचले तर शरीर प्रतिकार शिकतं, एवढा सिद्धांत त्यांना पुरला. जंतू शरीरात कसा शिरतो हे लसीसाठी कळायची गरज नव्हती. साथ रोखायला मात्र तेच कळायला हवं होतं. अर्धा सिद्धांतही कामाचा असतो, पण त्याच्या अर्ध्या भागापुरताच.

रोग कोंदट हवेतून येतो, या चुकीच्या समजुतीचं शहरात आज काही उरलंय का?

उरलंय, आणि आपण त्यावरून रोज चालतो. प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरला तर रोग हटेल, या विचारानं काही रस्ते आखले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आताचा शामलदास गांधी मार्ग, त्यांतलाच. मोकळी हवा चांगलीच, क्षयरोगासारख्या आजारात तर तिचा खरा उपयोग होतो. पण प्लेगवरचा उपाय म्हणून तिच्याकडे बघणं चुकीचं होतं. त्या रस्त्यांसाठी ज्यांच्या चाळी पडल्या त्यांना त्या चुकीचा भार सोसावा लागला. म्हणूनच सिद्धांत बरोबर की चूक हा प्रश्न मला कधीच फक्त प्रयोगशाळेतला वाटत नाही.

माहिती गोळा करत राहिलो तर सिद्धांत आपोआप तयार होतो का?

आपोआप होत नाही. पण नीट जमवलेली माहिती सिद्धांताची वाट पाहत टिकून राहू शकते आणि त्याचंही उत्तम उदाहरण आपल्याकडे आहे.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होऊ लागल्या. ठरलेल्या वेळी चुंबकाचं वाचन घ्यायचं आणि वहीत उतरवायचं, असं ते काम. २ सप्टेंबर १८५९ रोजी तिथले आकडे अचानक कोसळले. क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरली. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यावर प्रखर झळाळी दिसली होती. दोन्ही घटना कागदावर होत्या, पण नऊ कोटी मैलांहून अधिक दूरचा सूर्य कुलाब्यातलं चुंबक कसं हलवेल, हे सांगणारा सिद्धांत कोणाकडे नव्हता. लॉर्ड केल्विनसारख्या थोर भौतिकशास्त्रज्ञानं तर १८९२ साली गणित मांडून असा संबंध शक्यच नाही असं सांगितलं. गणितात खोट नव्हती. सूर्याकडून विद्युतभारित कणांचे झोत येतात, ही गोष्टच त्यात धरलेली नव्हती.

ती गोष्ट १९५८ साली युजीन पार्करनं मांडली. सूर्यातून कणांचा वारा सतत वाहतो, असा त्याचा सिद्धांत. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी लेख नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटलेली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही म्हणून त्यांनी लेख छापला. १९६२ साली मरिनर-२ यानानं तो वारा मोजला.

मग २००३ साली शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या आणि १८५९ चं सौरवादळ किती मोठं होतं याचा हिशेब त्यांवरून केला. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना सर्वांत वाईट प्रसंगी किती धोका आहे याचा विचार करताना हे आकडे वापरले जातात. ज्यांनी ते लिहिले त्यांना त्यांचा अर्थ माहीत नव्हता, तरी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि चुंबकाची वाचनं बिघडणार म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं. तिथे ते अजून चालू आहे.

सिद्धांताला एक जरी अपवाद सापडला तरी तो मोडीत निघतो ना?

क्वचितच. बहुतेक वेळा अपवाद सिद्धांताला आणखी खोल नेतो. ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव तुम्ही रक्तपेढीत ऐकलं असेल. ए, बी, एबी आणि ओ हे गट माहीत होते. ओ गटाच्या पेशींवर ए किंवा बी खूण नसते, म्हणून ओचं रक्त कोणालाही चालावं, असं शिकवलं जाई. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना मुंबईत अशी माणसं आढळली की ज्यांची रक्तपेशी चाचणीत ओसारखी दिसे, पण त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशीही भांडे. १९५२ साली हे प्रसिद्ध झालं.

एबीओचा सिद्धांत फेकून द्यावा का? तो तर जगभर रोज जीव वाचवत होता. उत्तर एक पायरी खाली सापडलं. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो ‘एच’ नावाचा पाया ओ गटाच्या माणसांतही असतो. बॉम्बे गटाच्या माणसांत तोच नसतो, त्यामुळे त्यांच्या शरीराला ओचं रक्तही परकं वाटतं. यातून दुसरंही एक कोडं सुटलं. चाचणीत ओ दिसणाऱ्या आईबापांना ए किंवा बी गटाचं मूल कसं होतं? ए किंवा बीचं जनुक एका पालकाकडे असतं, पण पाया नसल्यामुळे ते दिसत नाही. मुलाला दुसऱ्या पालकाकडून एच मिळाला की ते दिसू लागतं. या कोड्यापायी एखाद्या बाईवर संशय घेतला गेला असेल, तर तो दूर करण्याची ताकद या सिद्धांतात आहे.

भारतात दर दहा हजारांत साधारण एकाचा हा गट असतो. या माणसांना त्याच गटाचं रक्त लागतं, म्हणून चाचणी पूर्ण करून घेणं हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

जो सिद्धांत शेवटी चुकला, त्याचा विज्ञानाला काय उपयोग?

जयंत नारळीकरांबद्दल बोलताना हा प्रश्न नेहमी येतो, कधी थोड्या हळहळीनं. १९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी विश्वाला आरंभ नाही, ते कायम सारखंच दिसतं, असा स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी आणि मग सहकारी झाले. १९७२ साली ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्याआधीच, १९६५ साली, विश्वाच्या तप्त बालपणाची खूण असलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं होतं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला तप्त आरंभ होता असं सांगणाऱ्या सिद्धांताच्या, बाजूला गेले होते.

तरी त्या सिद्धांतानं विज्ञानाला काय दिलं ते पाहा. तप्त आरंभ नसेल तर कार्बन, लोह, ऑक्सिजन आले कुठून? ताऱ्यांच्या पोटात तयार झाले असणार, असं म्हणून हॉईल कामाला लागले. कार्बन बनायचा तर त्याच्या केंद्रकाची एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असं भाकीत त्यांनी १९५३ साली केलं आणि कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात ती सापडली. जड मूलद्रव्यं ताऱ्यांत घडतात, हे आज महास्फोट मानणारेही मान्य करतात. नारळीकर अखेरपर्यंत पर्यायी मांडणी तपासत राहिले. मला त्यांच्याबद्दल याच गोष्टीचा सर्वांत जास्त आदर वाटतो. जवळजवळ एकमत झालेलं असताना नेमके प्रश्न विचारणारा कोणीतरी लागतो आणि ते काम करणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत.

कोलारच्या सोन्याच्या खाणींत याच टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर प्रोटॉनचं विघटन, म्हणजे अणुकेंद्रातला हा कण आपोआप फुटतो का, हे शोधायचा प्रयत्न केला. १९७४ सालच्या एका सिद्धांताप्रमाणे ते दिसायला हवं होतं. काही घटना तशा वाटल्याही, पण इतर प्रयोगांनी दुजोरा दिला नाही आणि तो सिद्धांत त्या रूपात टिकला नाही. जपानमध्ये याच शोधासाठी बांधलेल्या उपकरणानं १९८७ साली, स्फोट झालेल्या एका ताऱ्याकडून आलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपले. ठोस बोलणारा सिद्धांत चुकला तरी हातात काहीतरी देऊन जातो. गुळमुळीत बोलणारा मात्र कधी चुकत नाही आणि काही देतही नाही.

सिद्धांत इतका पक्का असतो, तर पावसाचा अंदाज का चुकतो?

२६ जुलै २००५ ची आठवण असलेला प्रत्येक जण हे विचारतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला फक्त ७३. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं.

हवेची हालचाल सांगणारी समीकरणं बरोबर आहेत. पण त्यांत सुरुवातीची स्थिती भरावी लागते आणि ती कधीच पूर्ण अचूक मोजता येत नाही. एडवर्ड लोरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचं एक गणिती प्रतिरूप पुन्हा चालवत होते. ०.५०६१२७ ऐवजी त्यांनी ०.५०६ एवढंच भरलं आणि थोड्या वेळात सगळं हवामान वेगळं झालं. १९६३ साली त्यांनी यावर जो लेख लिहिला त्यातून एक मोठी गोष्ट कळली, की आपल्याला किती दिवस पुढचं कळू शकत नाही हेही सिद्धांत सांगू शकतो. २६ जुलैच्या त्या दिवशी मुंबईत ढग आणि पावसाची हालचाल टिपणारं डॉप्लर रडारही नव्हतं. त्यामुळे दोष समीकरणांना देण्याआधी मोजमापाकडे बघायला हवं.

उत्क्रांती हा ‘सिद्धांतच’ आहे, मग मुलांना तो पक्का म्हणून का शिकवायचा?

गुरुत्वाकर्षणाचाही सिद्धांतच आहे आणि आपण गच्चीच्या कठड्यावरून पाय टाकत नाही. उत्क्रांतीनुसार मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधला प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, उथळ पाण्यातल्या खडकांत सापडायला हवा. शास्त्रज्ञांनी नकाशात तसा खडक शोधला, तो निघाला कॅनडाच्या उत्तर टोकाला. काही वर्षं खणून २००४ साली त्यांना टिक्टालिक सापडला. त्याला खवले आणि कल्ले होते, मानही वळत होती. कुठे खणायचं हे सिद्धांतानं सांगितलं होतं. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये उत्क्रांती पहिल्याच धड्यात येते. तो धडा पाठ करून घेण्याऐवजी ही गोष्ट मुलांना सांगा.

सध्या दोन सिद्धांतांमध्ये खरोखर वाद चालू आहे, असं काही आहे का?

आहे, आणि त्या वादातला एक साक्षीदार आपल्या पायाखाली आहे. डायनोसॉर कशानं गेले? १९८० साली आल्वारेझ पितापुत्र आणि सहकाऱ्यांनी अवकाशातून आलेल्या प्रचंड पाषाणाचा आघात हे कारण मांडलं. पुढे मेक्सिकोतलं विवर ओळखलं गेलं आणि आघात झाला यावर आता वाद नाही. पण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच दख्खनमध्ये लाव्हाचे लोट वाहत होते. सह्याद्री त्याचाच आणि मुंबईचा काळा पाषाणही त्याच घडामोडींच्या शेवटच्या टप्प्यातला. त्या ज्वालामुखींनी हवामान किती बिघडवलं, यावर एकमत नाही. २०१९ साली दोन गटांनी दख्खनच्या खडकांची वयं अतिशय बारकाईनं काढली आणि लाव्हा नेमका केव्हा जास्त वाहिला याबद्दल दोन वेगळे निष्कर्ष एकाच अंकात प्रसिद्ध झाले. दोन्ही बाजूंना कोणती तारीख निर्णायक ठरेल ते माहीत आहे, म्हणून हा वाद निकोप आहे.

आता एवढा डेटा आणि एआय आहे. सिद्धांताची जागा संगणक घेईल का?

अल्फाफोल्ड ही एआय प्रणाली प्रथिनांचे आकार ओळखते आणि ती घडवणाऱ्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण ती शिकली कशावरून? शास्त्रज्ञांनी १९७१ पासून एका सामायिक संग्रहात जमवलेल्या प्रथिनांच्या आकारांवरून. त्यांतले बहुतेक आकार क्ष-किरणांनी काढलेले, म्हणजे ब्रॅग पितापुत्रांच्या १९१३ च्या सुमाराच्या सिद्धांतावर उभे. शिवाय आकार काय असेल हे कळलं तरी प्रथिनाची साखळी तशीच का वळते, हा प्रश्न उरतोच.

मुंबईत हे प्रत्यक्ष कुठे पाहता, ऐकता येईल?

मुलांना घेऊन अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलला जा, लाव्हा थंड होताना पडलेले उभे खांब तिथे दिसतात. वरळीत नेहरू विज्ञान केंद्र आणि नेहरू तारांगण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था ‘चाय अँड व्हाय?’ या नावानं रविवारी शास्त्रज्ञांशी गप्पा ठेवते. जुहूचं पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचं रुपारेल कॉलेज ही त्याची जुनी ठिकाणं. मराठीतून ऐकायचं असेल तर चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेचे कार्यक्रम बघा. शिक्षकांसाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. जाण्याआधी वेळापत्रक पाहून घ्या, आणि तिथे गेल्यावर प्रश्न जरूर विचारा.